दुसरी तार

मढच्या कोळीवाड्यातल्या हरेश्वरच्या रंगकामाला कुणी कधी नाव ठेवलं नाही. रंग म्हणजे बोटीचा रंग. पावसाळ्यात बोटी वर ओढल्या की लाकूड घासायचं, फटी बुजवायच्या आणि जिथे म्हणून लोखंड असेल तिथे आधी तांबडा प्रायमर, मग वरचा रंग. समुद्राची हवा लोखंड खाते, आणि आधी तिथे खाते जिथे माणूस ब्रश घालायचा कंटाळा करतो. म्हणून हरेश्वर बोल्ट कधी वरून रंगवत नसे. बोल्ट काढायचा, खालची जागा घासायची, रंगवायची, वाळू द्यायची, मग बोल्ट परत आवळायचा. वेळ जाई. जाऊ दे म्हणे. बोट थोरल्या भावाची, भाऊ तांडेल, म्हणजे बोटीचा कप्तान, हा खलाशी. पण ती वर ओढली की पुन्हा पाण्यात जाईपर्यंत हरेश्वरची असे.

मग मंजुळा गेली. हरेश्वरची बायको. अंधेरीच्या बाजारात मासळी विकायची, आवाज असा की गल्लीच्या टोकाला गिऱ्हाईक थांबावं. ती गेल्यावर घरात भांड्याचासुद्धा आवाज राहिला नाही. मुलगी उत्तनला दिलेली. तिचं सासर, तिची पोरं, तिचा व्याप. मागोमाग भावाने बोट विकली. खलाशी मिळत नाहीत, डिझेल परवडत नाही, पोरं पाण्यात उतरायला तयार नाहीत. सगळं खरं होतं. हरेश्वर ‘बरं’ म्हणाला. बोट गेली त्या दिवशी तो बंदरावर फिरकला नाही.

कोळीवाड्यात माणसं कमी नव्हती. पण त्यांचं बोलणं मासळीचं, जाळ्याचं, भरती-ओहोटीचं. बोट नसलेल्या माणसाने त्यात काय बोलायचं? लोक मान हलवून पुढे जात. हाही हलवी.

मढला बंगले आहेत, बंगल्यांत मालिकांचं शूटिंग चालतं, आणि शूटिंग आलं की व्हॅनिटी व्हॅन आलीच. बसएवढी गाडी, आत दोन खोल्या, मोठे आरसे, दिवे, एसी, संडास. नटनट्यांनी तिथे कपडे बदलायचे, मेकअप करायचा, मधल्या वेळात पडायचं. घाटकोपरच्या अल्पेशच्या अशा गाड्या भाड्याने फिरत. त्यातली सगळ्यात जुनी एका बंगल्याच्या आवारात पत्र्याच्या शेडखाली कायमची लागली होती. ती झाडायला, पाणी भरायला, राखायला त्याला जवळचा माणूस हवा होता. हरेश्वर लागला.

काम हलकं होतं. हलकं काम त्याला जड गेलं. एवढ्याशा फरशीवर फडकं किती फिरवणार? तरी फिरवी. नळाच्या तोट्या चकचकीत केल्या, खिडक्यांची रबरं काढून धुतली. हे कुणी बघितलं असेल तर एकट्या जानकीने.

जानकी भांडुपची. बाप गिरणीत होता, मूळ मालवणकडची माणसं. मागच्या खोलीत मालिकेतल्या सासूबाईंचे केस बांधणं हे तिचं काम. वयाने हरेश्वरच्या आगेमागे. नवरा घरी टीव्हीसमोर. वर्सोव्याच्या फेरीबोटीतून उतरून ती येई ती बोलतच येई.

“काय रे हरेश्वर, फरशी पुसलंस की चाटलंस? पाय ठेवूक भीती वाटता.”

“ठेव. पुसेन परत.”

“परत पुसशील तर झिजून जाईल गाडी. खालून रस्ता दिसेल.”

एवढं बोलून ती आत जाई. हरेश्वरच्या दिवसातलं बोलणं बहुतेक तेवढंच. पण सकाळी उठून शर्ट घालायला ते पुरत असे.

आषाढात कोळीवाड्यात बोटी वर आल्या. जिकडे तिकडे घासण्याचे आवाज आणि ऑइलपेंटचा वास. नारळी पौर्णिमेच्या आत सगळं वाळून तयार पाहिजे, म्हणून म्हाताऱ्यांपासून पोरांपर्यंत सगळ्यांचे हात रंगलेले. हरेश्वर काही दिवस बंदरावर जाऊन नुसता उभा राहिला. मग पुतण्याकडून उरलेले रंगाचे डबे मागून आणले आणि गाडीखाली शिरला.

गाडीचं पोट गंजायला लागलं होतं. त्याने पाठीवर पडून ते घासलं. पट्ट्या घासल्या, मागच्या पायरीचे आधार घासले, बॅटरीची पेटी घासली. एकेक बोल्ट काढून खालचं लोखंड पांढरं केलं, प्रायमर दिला, त्यावर चंदेरी रंगाचे दोन हात दिले आणि वाळल्यावर बोल्ट परत बसवला. बॅटरीच्या पेटीपाशी एक जाड काळी तार गाडीच्या सांगाड्याला बोल्टने आवळलेली होती. तीही सोडवली, तिच्या तांब्याच्या टोकाखालची जागा रंगवली, तार परत घट्ट केली. गंजाला शिरायला जागा ठेवली नाही. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी वाकून बघणारही नव्हतं. पौर्णिमेला लोकांनी बोटींना हार घातले तेव्हा त्याने गाडीच्या आरशाला एक झेंडूचा हार बांधला.

जानकीने हार बघितला, खाली वाकून गाडीचं पोट बघितलं. “शाबास! आता लोट हिला खाडीत.”

हरेश्वर हसला. बऱ्याच दिवसांनी.

गणपती गेले आणि गाडीतले दिवे फडफडायला लागले.

ह्या गाडीत एसी जनरेटरवर चाले, पण आरशाचे आणि छताचे दिवे बॅटरीवर. जनरेटर मध्येच बंद झाला तरी मेकअप अडू नये, म्हणून तशी सोय. आता पायरीवर कुणी पाय ठेवला की दिवे मिटमिटत. पाण्याचा पंप लागला की मंद होत. कधी सगळी सकाळ शहाण्यासारखे लागत आणि ऐन वेळी आरशात माणसाचं तोंड दिसेना होई. एकदा सासूबाईंच्या एका डोळ्यात काजळ जाड गेलं, दुसऱ्यात बारीक. कॅमेऱ्यासमोर ते ध्यान गेलं तेव्हा दिग्दर्शकाने आख्खा बंगला डोक्यावर घेतला.

“हरेश्वर, लाइट!” “काका, लाइट बघा!” “अरे ओ काका!” दिवसभर हाका. हा धावे, स्विच बंद-चालू करी, दिव्याला चापट मारी. दिवा लागे. चापटीने लागला की आपल्या नशिबाने लागला, ते त्यालाच कळेना.

अल्पेशने वायरमन पाठवला. गोवंडीचा चंद्रप्रकाश, त्याच्या सगळ्या गाड्या तोच बघायचा. हात साफ, फक्त कायम घाईत. त्याने मीटर लावला, बॅटरी चांगली. दिव्यांच्या पट्ट्या बदलल्या, चार्जर बदलला. गाडीखाली वाकून काळ्या तारेचा बोल्ट हाताने हलवून बघितला. घट्ट होता. वरून रंग सुरेख, गंजाचा ठिपका नाही.

“चाचा, नीचे से तो एकदम शोरूम ठेवली गाडी,” तो म्हणाला.

हरेश्वरला बरं वाटलं. चंद्रप्रकाश गेला, आणि त्याच आठवड्यात फडफड परत आली.

मग अल्पेशचा फोन आला. “काका, ह्या गाडीच्या मागे किती लागायचं? वायरिंग म्हातारी झाली. शुक्रवारी दुपारी मी येतो. दिवे ठीक दिसले तर राहील. नाहीतर मुलुंडच्या यार्डातली नवी गाडी तिकडे लावतो.”

“तिच्यावर माणूस?”

“तिचा आहे ना तिच्याबरोबर.”

“आणि ही?”

“ही भंगारात, काका. दुसरं काय करणार?”

‘आणि मी?’ हे हरेश्वरने विचारलं नाही. प्रश्न पोटाचा नव्हता. एकट्याचं पोट, भागलं असतं. गाडी गेली तर सकाळी उठून जायचं कुठे, एवढाच प्रश्न होता, आणि तो अल्पेशला विचारण्यासारखा नव्हता.

गुरुवारी सासूबाई जेवणानंतर येणार होत्या. हरेश्वरने सकाळीच मागच्या खोलीचं छत उघडलं. दिव्यांच्या मागचे पत्रे उतरवले, स्क्रू वाटीत ठेवले, आणि एकेक तार बोटाने चाचपत निघाला. बोटीवर त्याने दिव्यांच्या तारा ओढलेल्या होत्या. लाकडाची बोट, दिव्याला एक तार जाते, एक परत येते. एक तुटली की दिवा गेला. साधी गोष्ट. जानकी लवकर आली होती, तिच्या हातात त्याने टॉर्च दिला.

“ही बघ, लाल तार. ही बॅटरीकडनं येते. काळी कुठं हाय?”

“माका काय विचारतंस? मी वेण्या घालते.”

“काळी वीतभर जाते नि पत्र्याला स्क्रू मारून संपते. ह्या दिव्याचं तसंच, त्या दिव्याचं तसंच.” त्याने आणखी एक पत्रा उतरवला. “हे बघ, इथं पण. गाडी बांधणाऱ्याने तार चोरली, जानकी.”

“चोरली?”

“मग? परतीची तार घातलीच नाय. आख्ख्या गाडीतली खाल्ली साल्याने.”

जानकीने टॉर्च खाली घेतला. “मेल्या, तार नाय तर इतकी वर्षं दिवे लागले कसे? भुताने लावले?”

हरेश्वरने हातातला पत्रा मांडीवर घेतला. तो शिडीवर तसाच बसून राहिला. तार चोरली हे किती सोयीचं होतं. चोर सापडला की काम संपलं. पण बाईचं म्हणणं बरोबर होतं.

“फोन लाव त्या चंद्रप्रकाशला,” जानकी म्हणाली.

“तो बोलेल, एवढं पण नाय कळत.”

“बोलू दे. उद्या शेठ येऊन बोलेल, त्यापेक्षा बरं.”

त्याने फोन लावला. चंद्रप्रकाश कुठल्यातरी गाडीखाली होता. मागे ठोकाठोकी चालली होती. हरेश्वरने तारेचं सांगितलं. पलीकडून हसू आलं, पण टिंगलीचं नव्हतं.

“अरे चाचा, कुणी चोरली नाही. बोट लकडीची, म्हणून दोन तारा. गाडी लोखंडाची आहे. काळी तार पत्र्याला लावली की करंट पत्र्यातून, सांगाड्यातून चालत चालत परत बॅटरीला जातो. दुसरी तार म्हणजे गाडीच.”

“आख्खी गाडी?”

“आख्खी. फक्त लोखंडाला लोखंड भिडलं पाहिजे. मध्ये गंज नको, माती नको, रंग नको.”

हरेश्वरने खिडकीतून खाली, बॅटरीच्या पेटीच्या बाजूला बघितलं.

“चाचा? आवाज येतोय ना?”

“येतो.”

“एक काम करा. बॅटरीच्या मायनसवरून लांब तार ओढा, ती सीधी दिव्याच्या काळ्या तारेला लावा. फडफड थांबली तर दिवा पण ठीक, बॅटरी पण ठीक. परतीचा रस्ता कुठे तुटला तेवढं शोधायचं.”

हरेश्वरला शोधायची गरज नव्हती. त्याला जागा माहीत होती. तरी त्याने आधी चाचणी केली. बघितल्याशिवाय ठरवलं तर तो अंदाज, आणि अंदाजाने तर त्याने तारचोरही पकडला होता. बंगल्याच्या पडवीतली जुनी तार आणली, तिची टोकं सोलली, एक बॅटरीच्या मायनसला अडकवलं, दुसरं खिडकीतून आत घेऊन दिव्याच्या काळ्या तारेला गुंडाळलं.

“जानकी, पायरीवर नाच.”

“काय?”

“पायरीवर उभी राहून नाच. हलव गाडी.”

“ह्या वयात? नवऱ्याने सांगितलं तेव्हा नाय नाचले.” पण ती पायरीवर गेली आणि दणादण पाय आपटले. आख्खी गाडी डोलली. दिवा ढिम्म हलला नाही.

हरेश्वरने तार काढली. “आता परत.”

तिने पाय आपटले. दिवा फडफडला, विझला, लागला, परत फडफडला.

“बास,” तो म्हणाला आणि खाली उतरला. जानकीला वाटलं, काम झालं म्हणून हा खूश असेल. तोंड बघितलं तर मेल्यासारखं.

“काय झालं रे?”

“मी केलंय हे.”

“काय?”

“रंग. बोल्ट काढून तारेच्या खाली रंग दिला. नीट, दोन हात. लोखंड लोखंडाला भिडतच नाय. बोल्टच्या आट्यांतून जेवढं जाईल तेवढंच. महिनाभर तेवढ्यावर निभावलं, आता आटे पण गंजले असतील, गाडी हलली की सुटतं.”

“कशाक दिलंस पण?”

“गंज चढू नये म्हणून.”

जानकीला हसू फुटलं आणि तिने ते अर्ध्यात दाबलं.

ह्यातली खरी गोम अशी होती. दुसरा कुणी कामचुकार असता तर बोल्ट न काढता वरूनच ब्रश फिरवून मोकळा झाला असता. खालचं लोखंड जसं भिडलेलं होतं तसं राहिलं असतं, आणि दिव्यांना काही झालं नसतं. अंग चोरलं असतं तर निभावलं असतं. हरेश्वरने अंग चोरलं नाही. जन्मभर ज्या पद्धतीने बोट राखली त्याच पद्धतीने त्याने गाडीचे दिवे घालवले होते, आणि चंद्रप्रकाशची नजर फसली तीही रंग चांगला लागला होता म्हणून. हे त्याला गाडीशेजारी उभ्या उभ्या कळलं, आणि कळल्यावर हात कुठे ठेवावे ते कळेना.

“अरे मग काढ की रंग,” जानकी म्हणाली. “रंगच तो. नवऱ्याची खोड हाय काय, निघणार नाय?”

त्याने आधी बॅटरीची तार सोडवली, मग पाना घेऊन गाडीखाली शिरला. बोल्ट काढला. खालचा रंग कुठे तडकलेला नव्हता, पोपडा नव्हता, बोटाने दाबला तर काचेसारखा. कानस लावली. चांगला लागलेला रंग सुखासुखी निघत नाही. चंदेरी गेला, खालचा तांबडा राहिला. तांबडा भुकटी होऊन डोळ्यांत, तोंडात गेला. कानस झाली, मग पॉलिश पेपर. पांढरं लोखंड निघालं तरी तो घासत राहिला, कारण कडेला अजून केसाएवढी तांबडी रेघ होती. तांब्याचं टोकही घासलं. मग पाण्याच्या पंपाची काळी तार सांगाड्याला लागते तिथला बोल्ट काढला, तिथेही तेच. उघडं लोखंड तसंच ठेवून बोल्ट बसवताना त्याचा हात अडला. खाडीच्या एवढ्या जवळ उघडं लोखंड त्याने कधी मागे सोडलं नव्हतं.

त्याने गाडीखालूनच परत फोन लावला. “चंद्रप्रकाश, असंच सोडलं तर गंजेल ना रे?”

“बोल्ट आवळल्यावर बाहेरून ग्रीस लावा, चाचा. आतून काही नाही. सापडलं काय?”

“सापडलं. मीच रंग दिलेला, खाली.”

पलीकडे ठोकाठोकी थांबली. “मी हलवून बघितला होता तो बोल्ट.”

“घट्ट होता.”

“हो, घट्टच होता,” चंद्रप्रकाश म्हणाला. मागे ठोकाठोकी परत सुरू झाली.

शुक्रवारी अल्पेश आला. पायरीवर चढला, उतरला, परत चढला. पंप लावला. स्वतःचं तोंड आरशात डावीउजवीकडून बघितलं. दिवे स्थिर.

“काय होतं, काका?”

“रंग होता. तारेखाली. माझ्या हातचा.”

अल्पेशला अर्धंच कळलं. हरेश्वरने वाकून बोल्ट दाखवला, काय केलं होतं ते सांगितलं. अल्पेशने बोल्टला बोट लावून बघितलं, बोटाचं ग्रीस पुसलं. रागवावं तर कशावर? माणसाने न सांगता गाडीचं पोट रंगवलं होतं.

“पुढच्या वेळी विचारा फक्त,” तो म्हणाला. “ठीक आहे. गाडी राहू दे इथे. तुम्ही पण.” आणि फोनवर बोलत निघून गेला.

शनिवारी हरेश्वर नेहमीपेक्षा लवकर आला. फरशी पुसली, पाणी भरलं, दिवे लावून बघितले. जानकी आली, पण त्या दिवशी लग्नाचा सीन होता, सहा बायकांचे केस बांधायचे होते. ती बंगल्यातच वर गेली. सासूबाई आल्या, आरशासमोर बसल्या, उठून गेल्या. नटी आली, कपडे बदलून गेली. कुणाचं काही अडलं नाही. दुपार झाली तरी त्याला एक हाक आली नाही.

एवढे दिवस दिवे फडफडत होते तेव्हा सगळं शूटिंग त्याला नावाने ओळखत होतं. ठीक चाललेल्या गाडीला माणूस लागत नाही. त्याने फरशी परत पुसली. तोट्या पुसल्या. मग पुसण्यासारखं काही राहिलं नाही. गाडी वाचवली होती, ती समोर उभी होती, सगळे दिवे लावून. तिला बोलता येत नव्हतं.

जेवणाची सुट्टी झाली. आवारातल्या बदामाच्या झाडाखाली युनिटची माणसं प्लास्टिकच्या खुर्च्या ओढून बसली. हरेश्वर पायरीवर जेवायचा, कामाला लागल्यापासून. कुणी बोलावलं नव्हतं असं नाही. सुरुवातीला बोलावलं होतं; हा ‘नको’ म्हणाला, मग त्यांनी सोडून दिलं.

त्याने डबा काढला. थोडा वेळ मांडीवर तसाच ठेवला. मग उठला, गाडीचं दार ओढून घेतलं आणि झाडाखाली गेला. जानकी भाजीत पाव बुडवून खात होती. हा समोर येऊन उभा राहिला तशी तिने वर बघितलं.

“काय रे? दिवे गेले परत?”

“नाय. ठीक हायत.”

“मग?”

“सरक जरा.”

ती सरकली. शेजारच्याला म्हणाली, “ए, ती खुर्ची दे इकडे, पाय काय ठेवतोस तिच्यावर.” खुर्ची आली. हरेश्वर बसला. गप्पा आधीपासून रंगल्या होत्या, कुणाच्यातरी मेहुणीच्या लग्नात कोण रुसलं त्याच्या. हरेश्वरला त्यातलं कोण कुणाचं काही कळलं नाही, आणि कुणी थांबून सांगितलं नाही. त्याने डबा उघडला. बांगड्याचं कालवण होतं, कालचं. तो जेवत, ऐकत बसला.